साधं, नवं, चकचकीत नाणं: ग्रेडिंगला पाठवावं की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या जुन्या डब्यात रोजच्या चलनातल्या एका नाण्याची पंचवीस नगांची गुंडाळी सापडली. साल तीसेक वर्षांपूर्वीचं. नाणी कधीच वापरात आलेली नाहीत, सगळी चकचकीत. त्यातलं एक ‘अगदी निर्दोष’ वाटतं आणि आणखी एकावर अक्षरं दुहेरी दिसतात. याच नाण्याचा स्लॅबमधला, म्हणजे दर्जा ठरवून प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेला, नग इंटरनेटवर डोळे पांढरे होतील अशा किमतीला लावलेला दिसला. तर सगळी ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून देणाऱ्या कंपनीकडे, पाठवावीत का, निदान ती दोन तरी?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. गुंडाळी पाठवू नका. ‘निर्दोष’ नगही बहुधा पाठवू नका. दुहेरी अक्षरांचा नग मात्र वेगळा काढून ठेवा, त्याच्याकडे शेवटी येऊ.

ग्रेडिंग म्हणजे आपण नेमकं काय विकत घेतो, हे आधी पाहू. १ ते ७० ही फूटपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली, तीही फक्त अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी. कल्पना गमतीची होती: कसंबसं ओळखू येणारं नाणं १ दर्जाचं आणि एक डॉलरचं असेल, तर त्याचाच ७० दर्जाचा भाऊ सत्तर डॉलरचा. आकडा आणि किंमत एकाच दोरीला बांधलेले. ती दोरी केव्हाच तुटली, आकडे तेवढे राहिले. आज ६० ते ७० हे अकरा दर्जे न वापरलेल्या नाण्यांसाठी आहेत आणि आपला सगळा खेळ त्यातल्याही वरच्या तीन-चार पायऱ्यांवर चालतो.

१९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या ग्रेडिंग कंपन्या सुरू झाल्या. नाणं तपासून, दर्जा ठरवून ते सीलबंद प्लास्टिकच्या होल्डरमध्ये, म्हणजे स्लॅबमध्ये, द्यायची पद्धत यांनी रुळवली. त्याआधी विकत घेताना दुकानदार ज्याला ‘थोडं वापरलेलं’ म्हणे, तेच नाणं विकताना ‘कोरं’ होई. स्लॅबने हा वाद बराच मिटवला. जुन्या दुर्मीळ नाण्याला स्लॅब दोन गोष्टी देतो: खरेपणाची हमी आणि दर्जा. रोजच्या चलनातल्या नाण्याच्या खरेपणाबद्दल मात्र घेणाऱ्याला मुळात शंकाच नसते. म्हणजे अर्धी सेवा आपल्या कामाची नाही, आपण पैसे मोजतो ते निव्वळ आकड्यासाठी.

तो आकडा पैसे देतो तो फक्त टोकाला. आधुनिक प्रेस मिनिटाला ७०० हून जास्त नाणी पाडते. ती एकमेकांवर आदळत पेटीत पडतात, पिशव्यांत भरली जातात, मोजणीच्या यंत्रातून जातात. त्यामुळे एकूण एक नाण्यावर कुठे ना कुठे टोचा असतोच. पण संख्या कोट्यवधींची असल्याने ६५ किंवा ६६ दर्जाची नाणी हजारोंनी उरतात. तुमच्यासारख्या गुंडाळ्या किती घरांत पडून असतील, याचा हिशेब कोण ठेवणार? ६६ दर्जाच्या साध्या नाण्याचा स्लॅब म्हणजे प्लास्टिकची किंमत नाण्यापेक्षा जास्त.

म्हणून मी कोणालाही पहिला प्रश्न एकच विचारतो. तुम्हाला जो दर्जा मिळेल असं वाटतं, त्या दर्जाचा तयार स्लॅब बाजारात केवढ्याला मिळतो? तो तुमच्या ग्रेडिंगच्या खर्चाहून स्वस्त असेल, तर चर्चा तिथेच संपली. स्लॅब हवाच असेल तर विकत घ्या, कमी पडेल. दहापैकी नऊ नाण्यांचा निकाल या एका प्रश्नावर लागतो, भिंग काढायचीही गरज पडत नाही. मात्र किंमत बघायची ती झालेल्या विक्रीची. लावलेली किंमत ही किंमत नसते. मागायला काय जातं? तुम्ही पाहिलेला तो नग त्या भावात विकला गेला का, हे आधी तपासा. वर्षभर तसाच लटकून असेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

आणि खर्च म्हणजे नुसतं प्रत्येक नगाचं शुल्क नव्हे. पाठवण्याचा आणि परत येण्याचा टपालखर्च, विमा, प्रत्येक पार्सलमागचा हाताळणीचा आकार, काही ठिकाणी सभासदत्व, सीमा ओलांडायची असेल तर जकातीची कटकट, आणि पुढे विकताना दलाली. व्हरायटी, म्हणजे ठशातल्या फरकामुळे वेगळं ठरलेलं नाण्याचं रूप, लेबलवर लिहून हवी असेल तर बहुतेक वेळा त्याचे वेगळे पैसे. हे सगळं धरून एका नाण्यामागे खर्च १०० पडतो असं मानू. समजा ६७ दर्जाचा नग ६० ला जातो आणि ६८ दर्जाचा ३०० ला. ऐकायला ३०० छान वाटतं. तुम्ही दहा निवडक नाणी पाठवली आणि नशिबाने एक ६८ निघालं. आले किती? नऊ गुणिले ६० म्हणजे ५४०, अधिक ३००, एकूण ८४०. गेले १०००. दलाली अजून वजा व्हायची आहे. दहात दोन ६८ आले, तर हिशेब १०८० वर जातो आणि दलाली त्यातला नफा खाऊन टाकते. म्हणजे पाचात एक नाणं शिखरावर पोचेल एवढी तुमची नजर पक्की असेल, तरी बरोबरीच. आणि अशी नजर असलेली माणसं हे प्रश्न विचारत नाहीत.

तशी नजर नसतानाही मी विचारले नव्हते, हेही कबूल करतो. सुरुवातीच्या काळात एका गुंडाळीतून दहा नाणी निवडली. प्रत्येक ६८, पैज लावायला तयार होतो. निकाल आला: दोन ६७, एक ६५, बाकी सगळी ६६. ते दहा स्लॅब अजून माझ्या कपाटात आहेत. कोणी शिकायला आलं की ६६ दिसतं कसं, हे दाखवायला उपयोगी पडतात. एवढी महाग शिकवणी मी दुसरी लावलेली नाही.

पॉप्युलेशन रिपोर्टबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण लोक तिथेच जास्त फसतात. ग्रेडिंग कंपनीने कोणत्या नाण्याला कोणता दर्जा किती वेळा दिला, याचा हा तक्ता. ‘६८ मध्ये फक्त चार!’ असं वाचलं की अंगावर काटा येतो. पण तो आकडा जगात अशी किती नाणी आहेत हे सांगत नाही. किती पाठवली गेली एवढंच सांगतो. साध्या नाण्याचा आकडा लहान असण्याचं सगळ्यात सोपं कारण म्हणजे शुल्क भरून ते पाठवण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. उलटही होतं: तेच नाणं स्लॅब फोडून जास्त दर्जाच्या आशेने पुन्हा पुन्हा पाठवलं, तर ते तक्त्यात अनेकदा मोजलं जातं.

शिवाय जुन्या दुर्मीळ नाण्याचा साठा जवळपास ठरलेला असतो. आधुनिक नाण्याच्या न फोडलेल्या गुंडाळ्या पडून असतात. चार नगांवर भाव चढला, की बातमी पसरते, लोक पेट्या उघडतात आणि चाराचे चाळीस होतात. संख्या वाढतच जाते, कमी सहसा होत नाही. शिखराचा भाव बहुधा ठरतो तोही रजिस्ट्री सेटमुळे. कोणाचा संच सर्वोच्च दर्जाचा, याची संग्राहकांत स्पर्धा असते. लिलावात असे दोघे समोरासमोर आले, की साध्या नाण्याला वेडा भाव मिळतो. दोघांनाही आपापला नग मिळाला, की तिसऱ्या नगाला तेवढं देणारं कोणी उरत नाही. तुमचा नग बहुतेक तिसरा असतो.

आता तरीही तुमच्या त्या ‘निर्दोष’ नाण्याकडे नीट बघू, कारण बघण्याला पैसे पडत नाहीत.

खोलीतले दिवे बंद करा, एकच टेबललॅम्प ठेवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात काही दिसत नाही. टेबलावर मऊ कापड घडी करून पसरा, कारण नाणं आज ना उद्या हातातून निसटतंच. नाणं दोन बोटांनी कडेला धरा, पृष्ठभागाला बोट नको. आता दिव्याखाली ते तिरकं करून सावकाश फिरवा. कोऱ्या नाण्यावर उजेडाच्या पट्ट्या चाकाच्या आऱ्यांसारख्या फिरताना दिसतील. ठसा आदळतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात आणि उजेड त्यांच्यावरून परततो. संग्राहक ज्याला लस्टर म्हणतात ती हीच. पॉलिश केलेलं नाणंही चमकतं, जास्तच चमकतं, पण त्यावर ही पट्टी फिरत नाही, कारण त्या रेषाच घासून गेलेल्या असतात. एकदा गेल्या की परत येत नाहीत.

फिरणारी पट्टी उंचवट्यांवरून जाताना लक्ष ठेवा. चेहरा असेल तर गालाचं हाड, कानावरचे केस. प्राणी किंवा इमारत असेल तर सगळ्यात उठावाचा भाग. तिथे पट्टी तुटून करडा, निस्तेज डाग दिसला, तर नाणं घासलं गेलंय. असं नाणं ६० ला पोचत नाही, ५८ वर थांबतं. मग बाकीचं कितीही सुंदर असो. गुंडाळीच्या दोन टोकांची नाणी हमखास अशी असतात.

त्यानंतर टोचे. किती आहेत यापेक्षा कुठे आहेत हे जास्त महत्त्वाचं. केसांच्या नक्षीत किंवा अक्षरांच्या गर्दीत चार बारीक टोचे दडून जातात. गालावर किंवा मोकळ्या जागेत मधोमध एकच टोचा असेल, तर ती एक पूर्ण पायरी गेली म्हणून समजा. इथे एक बारकी गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. कठीण मिश्रधातूच्या नाण्यावर ठसा पुरता दाबला गेला नाही, तर मूळ चकतीवरचे ओरखडे उंचवट्यांवर तसेच राहतात. ते टांकसाळीतलेच असले तरी दिसायला टोच्यांसारखेच दिसतात आणि वरच्या दर्जांत मार्क तेवढेच खातात. ‘हे तर जन्मापासूनच आहे’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

भिंग पाच पटीचं पुरे. एनजीसीची ७० ची व्याख्यासुद्धा पाच पट मोठं करून पाहिल्यावर टांकसाळीनंतरचा दोष दिसू नये, एवढीच आहे. वीस पटीच्या भिंगाखाली प्रत्येक नाणं रणांगण दिसतं. तांब्याचं नाणं असेल तर रंगही बघा: लाल, लाल-तपकिरी, तपकिरी अशा तीन गटांत ते विभागलं जातं आणि एखादा काळा ठिपका चांगल्या लाल नाण्याचं गणित बिघडवतो. जुना बोटाचा ठसा धातूत उतरलेला असेल तर तो निघायचा नाही.

हे सगळं झालं की दर्जा कागदावर लिहा आणि त्यातून एक वजा करा. स्वतःच्या नाण्याला मार्क देताना हात सैल सुटतोच. मी आणखी एक करतो: गुंडाळीतली सगळी नाणी ओळीने मांडून सगळ्यात चांगलं निवडायचं, कुठलं ते वेगळ्या चिठ्ठीवर नोंदवायचं. मग कोणाला तरी नाण्यांची जागा बदलायला सांगायची आणि दोन दिवसांनी पुन्हा निवडायचं. दोन्ही वेळा तेच नाणं हाती आलं, तर त्यात खरंच काही असेल. वेगळं आलं, तर सगळी सारखीच आहेत आणि ‘निर्दोष’ हा त्या दिवसाच्या उजेडाचा प्रताप.

या सगळ्यात नाणं पुसू नका. मऊ सुती कापडानेही नाही, ‘फक्त जराशी धूळ’ असली तरी नाही. मी एका चांगल्या नाण्यावरची धूळ रुमालाने एकदाच, हलक्या हाताने पुसली होती. उघड्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दिव्याखाली तिरकं धरल्यावर एका दिशेला गेलेल्या केसासारख्या रेषा चमकल्या आणि ग्रेडिंगहून ते आकड्याशिवाय परत आलं: ‘डिटेल्स, क्लीन्ड’. अशा नाण्याला स्लॅब मिळतो, शुल्कही पूर्ण घेतात, पण आकडा मिळत नाही. साध्या नाण्याचं तसलं लेबल कोणी विकत घेत नाही. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटातही नाणं ठेवू नका. काही वर्षांनी त्यावर हिरवट चिकट थर येतो.

टांकसाळ संग्राहकांसाठी जे प्रूफ आणि खास संच विकते त्यांचा न्याय वेगळा, पण निकाल साधारण तोच. प्रूफ हा दर्जा नाही, नाणं पाडायची पद्धत आहे: घोटलेली चकती, घोटलेले ठसे, एकाहून जास्त आघात. ही नाणी इतक्या काळजीने हाताळतात की पाठवलेल्यांपैकी बहुतेक ६९ किंवा ७० येतात. ६९ म्हणजे तिथे ‘नेहमीचं’. लेबलावर ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीज’ लिहिलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ नाणं साधारण पहिल्या तीस दिवसांत कंपनीकडे किंवा तिने मान्य केलेल्या ठिकाणी पोचलं, एवढाच. ते ठशाखालून आधी निघालं, असा त्याचा अर्थ होत नाही. तरी लोक त्या शब्दांचे पैसे देतात.

साधं नाणं ग्रेडिंगच्या लायक ठरतं ते बहुधा दर्जामुळे नाही, वेगळेपणामुळे. ब्रिटनच्या २० पेन्सचं उदाहरण घ्या. २००८ मध्ये नवं डिझाइन आलं तेव्हा साल मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूला हलवलं. काही नाण्यांवर मात्र जुनी पुढची बाजू आणि नवी मागची बाजू एकत्र आली आणि सालच गायब झालं. असं नाणं वापरून थोडं झिजलेलं असलं तरी त्याला गिऱ्हाईक आहे आणि इथे स्लॅबचा खरेपणाचा शिक्का कामाला येतो, कारण साल घासून फसवणारेही निघतात. अमेरिकेचा १९८२ चा सेंट आणखी वेगळा. त्या वर्षी धातू बदलला, म्हणून काही नगांचं वजन ३.११ ग्रॅम तर काहींचं २.५ ग्रॅम. डोळ्यांना फरक कळत नाही, एक साधा वजनकाटा सांगतो. १९४३ चा सेंट पोलादाचा; तांब्याचा दिसला तर आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर वरून तांब्याचा मुलामा दिलेला आहे, पाकीट-टपालाचे पैसे वाचले. नाही चिकटला तरी नाचायचं नाही, कारण १९४८ च्या आठाचा तीन करणारेही आहेत.

कमी संख्येत निघालेली नाणीही असतात. ब्रिटनचं २००९ चं क्यू गार्डन्सचं ५० पेन्सचं नाणं फक्त २,१०,००० निघालं. पण अशा नाण्याला चलनातून काढलेल्या अवस्थेतही भाव असतो आणि खरं-खोटं जाणकार डोळ्यांनी सांगतो. स्लॅबने त्यात किती भर पडते हे पुन्हा झालेल्या विक्रीवरूनच बघायचं.

आणि नाणं आजोबांच्या डब्यातलं आहे म्हणून ते स्लॅबमध्ये असावं, असं मनात असेल, तर खुशाल पाठवा. त्यात हिशेब आणू नका. फक्त चांगली हवाबंद कॅप्सूल त्याच कामाला फार थोड्या पैशांत मिळते, एवढं माहीत असू द्या.

आता तो दुहेरी अक्षरांचा नग. बहुतेक वेळा हे मशीन डबलिंग असतं. आघातानंतर ठसा किंचित सरकतो आणि आधीच उमटलेलं अक्षर बाजूला चेपतो. ओळख अशी: दुसरं अक्षर सपाट, पायरीसारखं, मुख्य अक्षरापेक्षा खाली दिसतं आणि मूळ अक्षर रोडावलेलं असतं. याला किंमत नाही. खरा डबल्ड डाय म्हणजे ठसा बनतानाच त्यात चित्र दोनदा उतरलेलं. तिथे दोन्ही अक्षरं गोलसर आणि उठावाची असतात, अक्षर एकूण जाड दिसतं आणि टोकांना स्पष्ट खाच पडलेली असते. शिवाय तो दोष ठशातच असल्याने त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर अगदी त्याच जागी तसाच येतो. म्हणून गुंडाळीतली उरलेली चोवीस नाणी आधी बघा. गुंडाळी टांकसाळीतून थेट आलेली असेल, तर त्याच ठशाची आणखी नाणी तिच्यात सापडण्याची शक्यता चांगली असते. दोन-तीन नगांवर तेच, तिथेच, तेवढंच दुहेरीपण दिसलं, तर त्या नाण्याच्या नोंदलेल्या व्हरायटींच्या छायाचित्रांशी एकेक खूण ताडून बघा: कुठलं अक्षर, कुठल्या दिशेला, खाच कुठे. तंतोतंत जुळलं आणि त्या व्हरायटीच्या झालेल्या विक्रीच्या किमती तुमच्या खर्चाच्या दुपटीवर असतील, तर त्यांतला सगळ्यात स्वच्छ नग पाठवा. अर्जात व्हरायटीचा क्रमांक स्वतः लिहा आणि त्यासाठीचं शुल्क भरा, कारण सांगितलं नाही तर ते शोधून देतीलच असं नाही. बाकीचे नग कॅप्सूलमध्ये घाला आणि पहिल्याचा निकाल येईपर्यंत विकू नका.